बुधवारची बाई

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस म्हणावं. इथं माझ्या जिवाला घोर लागलाय. ह्यांचं चित्त घरात नाही. तिसऱ्या हाकेला ‘ओ’ देतात. दर बुधवारी व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान दुपारीच बंद करून कुठं जातात, सांगत नाहीत. शेजारची शिंपीण सांगत होती, ग्रंथालयामागच्या इमारतीत एका बाईसमोर बसलेले दिसले, तिच्या ओठांकडे टक लावून! मी काय समजू?

तुझ्या मायेची,
ठमी

९ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हा माणूस आतल्या गाठीचा, हे मी लग्नातच म्हणालो होतो. तेव्हा सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं. परवा फोनवर मी तुझी तब्येत विचारली, तर म्हणाले, हो, दुकान जोरात आहे! पाणी मुरतंय कुठंतरी. डोळे उघडे ठेव. वहिनी म्हणते सरळ विचारून टाक, पण ती पडली भोळी.

जिवाला जप.
दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझंच खरं. डोळे उघडे ठेवल्यापासून रोज काहीतरी सापडतंय. रेडिओ लावत नाहीत, म्हणजे मन रमत नाही. जेवताना मुद्दाम समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतात. मला संशय आलाय का, याचा अंदाज घेतात. काल न मागता शाल आणली. मन खातंय, दुसरं काय! बुधवारी मी मागोमाग जाणार.

पाठीशी राहा.
ठमी

२३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांच्या मागोमाग मी गेले. दार उघडंच होतं. खुर्च्यांवर सहा-सात वयस्क माणसं, आणि फळ्यापाशी ती बाई आवाज न काढता नुसते ओठ हलवत होती. ती काय म्हणाली, ते बाकीचे ओळखत होते. हे पुढच्या खुर्चीत. मी मागून हाक मारली. एकही मान वळली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा ह्यांचा चेहरा पडला.

दादा, ह्यांचे कान जाताहेत. बहिऱ्याकडे वाद्य कोण देईल, या धास्तीनं कुणाला सांगितलं नाही. आणि आपण दोघांनी काय काय रचलं!

निदान मला तरी सांगायचं, म्हणून मी भांडले. तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू ओरडून बोलायला लागली असतीस. ऐकू येतंय तोवर मला तुझा नेहमीचा आवाज हवा होता.

आम्हा दोघांवर माया असू दे. आवरतं घेते. हे समोर येऊन बसलेत, काहीतरी बोल म्हणतात.

ठमी