शिकवणाऱ्याची सही

करी रोड, मुंबई
२४ जून २०२५

ती. सुमतीआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. चुका काढू नकोस, समजून घे.

आधी पेढ्याची बातमी. श्रेया ओपन स्कूलची बारावी पास झाली. एकसष्ट टक्के! सहावीत तिला किडनीचं दुखणं लागलं, तोंड-पाय सुजायचे, तेव्हा परळच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की गर्दीत सोडू नका, साध्या सर्दीनेपण सूज परत येईल. शाळा सुटली ती सुटलीच. सात वर्षं पोरगी घरात शिकली. आता दीड वर्ष झालं, गोळी बंद आहे. डॉक्टर म्हणाले कॉलेजला खुशाल पाठवा. निलेशने लेकीचे पेढे कामावर त्या टॉवरमधल्या सगळ्या लिफ्टमनना वाटले.

आता टेन्शनचं. दादरच्या एका कॉलेजात बी.ए.चा फॉर्म भरलाय. मार्कशीट, मायग्रेशन, आधार, जुन्या शाळेचा दाखला, सगळं जमवलं. तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, सहावीनंतर शाळा दिसत नाही, मग हा एक कागद भरून आणा. घरी काय शिकवलं, कोणी शिकवलं, शिकवणाऱ्याचं शिक्षण किती, आणि सही. अठरा जुलै शेवटची. नाही दिला तर जागा दुसऱ्याला.

आत्या, मी सातवी. ते वाचून म्हणतील, सातवीच्या बाईने काय शिकवलं असणार? माझ्यापायी पोरीचं कॉलेज जाईल. म्हणून मी तिथे तुझं नाव टाकलंय. तू एकतीस वर्षं गिरगावच्या शाळेत होतीस, अख्खी वाडी तुला बाई म्हणायची. पुस्तकंपण तूच पाठवलीस. म्हणजे अगदीच खोटं नाही ना? कागद सोबत आहे. पेन्सिलने फुली मारलीय तिथे सही कर आणि स्पीड पोस्टने पाठव. श्रेयाला काही सांगितलं नाहीये.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी माया आहे तेवढीच ठेव.

तुझी
अपेक्षा


नांदगाव, ता. कणकवली
२९ जून २०२५

चि. सौ. अपेक्षा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पास झाल्याची बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. मग शेजारच्या सीतारामला पत्र वाचून दाखवलं. मी बहिरी असल्यामुळे मोठ्यानेच वाचते, त्यामुळे आता निम्म्या गावाला एकसष्ट टक्के माहीत आहेत.

तुझा कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही. डोळ्यांत पाणी आणू नकोस गो, पुढचं नीट वाच.

मी शाळेत होते ती ऑफिसात. दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, हजेरीपट तपासायचे. वर्गात खडू हातात धरला नाही कधी. वाडीतली माणसं बाई म्हणायला लागली तेव्हा सुरुवातीला मी सांगायची की मी क्लार्क आहे. मग सांगायचं सोडलं. ऐकायला बरं वाटायचं. तुझ्या बापाचाही गैरसमज मी कधी दूर केला नाही, म्हणून तूही तेच धरून बसलीस. चूक माझी. पण आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या बरं वाटण्यावर मला सही करायला लावतेस होय?

दुसरं. मी आयुष्यभर असलेच कागद हाताळले, म्हणून सांगते. पोरगी बारावी झाली हे मार्कशीट सांगतं. या कागदाला फक्त मधली वर्षं कशी गेली ते हवं आहे. सातवी शिक्षण कमी आहे, गुन्हा नाही. खोटं नाव मात्र उद्या सापडलं तर प्रवेशच रद्द होईल, आणि तेव्हा ती पहिल्या बाकावर बसलेली असेल.

कोणी शिकवलं ते लिही. शिकवलेल्याचं काही टिपून ठेवलं असशील तर जोड. तारखा असतील तर फारच छान. ऑफिसातला माणूस माणसाला विसरतो, तारखेला मान देतो.

श्रेयाच्या पाठीवरून हात फिरव, आणि म्हातारीला दोन ओळी धाडत राहा.

तुझी
आत्या


करी रोड, मुंबई
४ जुलै २०२५

ती. सुमतीआजीस,
श्रेयाचा सा. न.

तुझं पत्र आईने तूरडाळीच्या डब्यात लपवलं होतं. आज कुकर मी लावला. सॉरी, वाचलं.

आता ती म्हणते पप्पांचं नाव टाकू, ते दहावी आहेत. पप्पा म्हणाले, मला टक्केवारी काढता येत नाही, तिथे कोणी काही विचारलं तर मी काय लिफ्टमध्ये शिरून बटण दाबू? मग दोघं भांडली. कागद तसाच आहे.

आजी, तुला माहितीये का आईने कसं शिकवलं? बाहेरचं कोणी माझ्याजवळ यायला नको होतं. मग आई पुस्तक घेऊन गॅलरीत जायची. शेजारची मधुराताई तेव्हा कॉलेजला होती. ती आपल्या दारात उभी राहून आईला गणित समजवायची, आई आत येऊन मला. मला नाही कळलं की परत बाहेर. एका समीकरणासाठी चार फेऱ्या मारल्यात तिने, आणि मधेच भात लागला. दहावीनंतर उलटं झालं. मी वाचायचे आणि आईला सांगायचे. तिने मान हलवली की मला आलं असं समजायचं. इतिहासात ती मान लवकर हलवायची नाही.

तू म्हणतेस ते टिपण आहे. डॉक्टरांनी रोजचं वजन आणि लघवीची तपासणी लिहायला सांगितलेली. आई ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची, आणि खाली उरलेल्या जागेत त्या दिवशीचा धडा. वजन अठ्ठावीस, लघवी दोन प्लस, अपूर्णांक. अशी सात वर्षांची कॅलेंडरं पलंगाखाली आहेत. मी काढली तर आई ओरडली की कॉलेजात लघवीचे कागद नेणार का, काय म्हणतील! मलापण थोडं ऑकवर्ड होतंय, खरं सांगते. पण दुसरं आहे काय आपल्याकडे?

तू तिला लिही ना. माझं ती ऐकत नाही. मी विद्यार्थी पडले.

तुझ्या लाडाची हक्कदार
श्रेया


(पोस्टकार्ड)
नांदगाव, ९ जुलै २०२५

चि. सौ. अपेक्षास आशीर्वाद.

कॅलेंडरं जोड. लघवीचं पुसू नकोस, झाकू नकोस. खोटं लिहिणारा असलं काही लिहीत नाही. आणि पत्रं डाळीत ठेवू नकोस, किडे होतात.

आत्या


करी रोड, मुंबई
१९ जुलै २०२५

ती. सुमतीआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. श्रेयाला प्रवेश मिळाला. आधी हे वाच, मग चष्मा पुस आणि पुढचं वाच.

निलेशने रजा टाकली. सगळ्या कॅलेंडरच्या झेरॉक्स काढणं शक्य नव्हतं, म्हणून श्रेयाने दर वर्षातले दोन महिने निवडले. कागदावर तुझं नाव खोडून मी माझं लिहिलं. शिक्षणाच्या जागी लिहिलं, सातवी पास. लिहिताना पेन जड झालं, पण लिहिलं.

तिथे या वेळी एक मॅडम बसलेल्या. मार्कशीट बघितली, टिक केली, आमचा गठ्ठा ढिगावर ठेवला आणि म्हणाल्या, पुढचे या. एवढंच! आत्या, महिनाभर आमच्या घरात त्या कागदावरून भांडणं, आणि बाईंनी तो उलटूनपण बघितला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. श्रेया ओढणी ओढत होती, चल म्हणून. माझ्या तोंडातून निघून गेलं, मॅडम, वाचा तरी.

मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं, झालं, आपल्या हाताने घालवलं. पण त्यांनी गठ्ठा परत ओढला आणि वाचायला लागल्या. मधेच विचारलं की हे तीन प्लस म्हणजे ग्रेड का? मी म्हटलं, नाही मॅडम, लघवीतलं प्रोटीन. ते जास्त आलं की वाईट. रांगेतला एक मुलगा खोकलाच. मॅडम पानं उलटत राहिल्या. ऑगस्टच्या एका चौकोनावर थांबल्या. तेव्हा श्रेया वॉर्डात होती. तिथे मी लिहिलेलं, भूगोल, नकाशा, उजव्या हाताला सलाईन, डाव्याने काढला. त्यांनी श्रेयाला विचारलं, खरंच? ती म्हणाली हो, पण कोकण पार गुजरातेत गेलेलं. तेव्हा मॅडम हसल्या.

मग म्हणाल्या की सही राहिलीय. पालकाच्या जागी मी केलेली. शिकवणाऱ्याच्या जागी नाव होतं, सातवी पास होतं, पुढे रिकामं. विसरले नव्हते आत्या, हातच गेला नव्हता. त्या म्हणाल्या, ताई, केवढी माणसं खोळंबलीत, तुम्हीच शिकवलंत ना, मग करा. केली.

मधुराला आज तिच्या आवडीचे घावणे करून दिले. तिचं सासर डोंबिवलीला, मुद्दाम आली. तुला काय देऊ? तू सही केली असतीस तर मी तुझे पाय धरले असते. केली नाहीस म्हणून जास्त धरते. आणि तू बाई नव्हतीस हे मी कोणाला सांगणार नाही, तूच सांग पाहिजे तर.

श्रेयाचा पहिला दिवस सोमवारी. मला अजून भीती वाटते, गर्दीची, सर्दीची. ती वाटत राहील. दिवाळीत तुझ्याकडे येऊ, तोवर आम्हा तिघांना मनात जागा असू दे.

तुझी
अपेक्षा

ता. क. श्रेया म्हणते, कागदावरच्या माझ्या दोन्ही सह्या एका माणसाच्या वाटत नाहीत. पालकाची मी नेहमीसारखी घाईत मारली होती. दुसरी रांग थांबवून, सावकाश केली.