आमचं आंबट झाड आणि शेजारचे व्हिटलॉक

नॉटिंगहॅम, ३० ऑक्टोबर १९६९

तीर्थस्वरूप मोहनमामांस,

पद्माकरचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? आधी काय थांबलं, मामींचं तेल चोळणं की गुडघ्याचं दुखणं, ते कळवावं. आम्ही दोघं खुशाल आहोत. (सुलक्षणाला सर्दी आहे, पण इथे ती खुशालीतच धरतात.)

नव्या घरामागे एक झाड मिळालं, क्रॅब अ‍ॅपलचं. सफरचंदाचंच चुलत भावंड; फळ बोराएवढं, लालभडक, आणि इतकं आंबट की मी एक चावून हॉस्पिटलला गेलो तर पेशंटच माझी चौकशी करू लागले. शोभेचं झाड म्हणे. ही शोभा वॉशिंग लाइनच्या आड येत होती, म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी मी करवत घेतली. एक फांदी निम्मी कापली, तोच कुंपणापलीकडचे मिस्टर व्हिटलॉक सपाता घालूनच बाहेर आले. सत्तरीचे गृहस्थ, एकटे राहतात. आठ महिन्यांत आमच्याशी हवामानापलीकडे बोलले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता (मुळात गोरे, तरी कळलं).

"ही माझी सफरचंदाची झाडं आयव्हीनं लावलीत," ते म्हणाले. "तुमचं झाड फुललं नाही, तर यांना फळ धरत नाही."

आयव्ही म्हणजे त्यांची पत्नी. दोन वर्षांपूर्वी गेली. आमच्या झाडाचे पराग मधमाश्या त्यांच्या झाडांवर नेतात, हे मला कुठलं ठाऊक? फार ओशाळलो. काहीतरी सबब सांगून करवत ठेवली आणि फांदीला बँडेज बांधलं. (सर्जन असल्याचा घरात झालेला हा पहिलाच उपयोग.)

पुढच्या रविवारी ते साखरेची पुडी घेऊन आले आणि सुलक्षणाला त्या फळांची जेली शिकवली. फळं उकडून कापडात टांगायची, रस आपसूक गळू द्यायचा. कापड म्हणून माझं लग्नातलं धोतर गेलं. ते आता कायमचं गुलाबी आहे. उरलेल्या फळांचं सुलक्षणानं लोणचं घातलं. ते व्हिटलॉक चीजबरोबर खातात आणि दर शनिवारी बरणी घेऊन हजर होतात.

मामींना नमस्कार.

आपला,
पद्माकर

ता. क. त्या दिवशीची सबब अशी, की माझे मामा मोठे ज्योतिषी असून त्यांनीच हे झाड अशुभ म्हणून तोडायला सांगितलं. आपण चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंत, माझ्या मुंजीचाही मुहूर्त पाहू दिला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. पण म्हातारा रोज विचारतो, मामांचं पत्र आलं का. तरी ग्रह बदलले, झाड राहू द्यावं, अशा दोन ओळी इंग्रजीत सहीनिशी पाठवाव्यात.

आणखी एक. व्हिटलॉकनी स्वतःची जन्मतारीख लिहून दिली आहे, ती सोबत जोडतो. कागदाच्या मागे आयव्हीचीही आहे. ती मी मागितली नव्हती. उत्तर जरा सांभाळून लिहावं.