रेकॉर्डवरून मावशी गायब

टिप्टन, गुरुवार

प्रिय रोलंड यास थोरल्या मावसभावाचा, म्हणजे नेव्हिलचा, रागासकट आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे, दाताचं काम झालं का आणि सरे परगण्यातल्या तुझ्या त्या बंगल्यातल्या तळ्यातले मासे जिवंत आहेत का, हे सगळं मी रीतीप्रमाणे विचारलं असं समज. इकडे आम्ही ठीक. (ठीक म्हणजे माझी कंबर धरली आहे. त्याचं कारण तूच आहेस, ते पुढे येईल.) फोनच करणार होतो, पण तुझा फोन तुझा मॅनेजर उचलतो, गोड आवाजात 'निरोप देतो' म्हणतो आणि देत नाही. म्हणून हे पत्र. बसून वाच, उभ्याउभ्या वाचण्यासारखं नाही.

विषय आहे तुमच्या 'हॅमरक्रिप्ट' बँडची नवी लाइव्ह रेकॉर्ड. अरे बाबा, काय करून ठेवलंय हे? मी तुमच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. तुम्ही केस कापलेत तेव्हा मी तुमच्या बाजूने भांडलो. तुम्ही ती व्हायोलिनवाली रेकॉर्ड काढलीत (जिच्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलंय), तेव्हाही भर पबमध्ये मी एकटा उभा राहून म्हणालो, की सवय झाली की बरी वाटते. पण या वेळी माझी जीभच रेटत नाही. आणि मंडळाचं जाऊ दे, मंडळ खड्ड्यात गेलं. प्रश्न तुझ्या आईचा आहे.

वुल्व्हरहॅम्प्टनचा तो कार्यक्रम तुला आठवत असेलच, निदान अर्धा तरी. 'किंग ऑफ सिंडर्स' हे गाणं चालू होतं. सगळा गदारोळ एकदम थांबतो, दिवे मंद होतात आणि तू मान खाली घालून, सगळ्या जगाचं दुःख खांद्यावर घेतल्यासारखा, गिटारच्या पहिल्या सुरापूर्वी उभा राहतोस, ती जागा. अख्खा हॉल चिडीचूप. आणि बाल्कनीतून तुझी आई, माझी बेरिल मावशी, वय वर्षं शहाऐंशी, टोपीसकट उठली आणि ओरडली, "रोलंड! अरे, कुबड काढून काय उभा राहतोस? ताठ उभा राहा की मेल्या!" हॉल हसून हसून कोसळला. तूही हसलास. मी पाहिलंय, नाही म्हणू नकोस. मग तू ताठ झालास आणि असं वाजवलंस, की माझ्या शेजारच्या वेल्डरने डोळे पुसले. चाळीस वर्षांत तू तसं वाजवलं नव्हतंस, हे मी तुझ्या तोंडावर सांगतो.

तेव्हापासून मावशी टिप्टनमध्ये तुझ्यापेक्षा प्रसिद्ध आहे. खाटीक तिला पाहिलं की सुरा ठेवून ताठ उभा राहतो. बसमधली अंगभर गोंदवलेली पोरं उठून जागा देतात आणि वर "कुबड नाही ना, आजी?" म्हणून विचारतात. ती वरवर चिडते, पण आतून फुललेली असते. मावसोबा गेल्यापासून मी तिला इतकं खुश पाहिलं नव्हतं. आणि त्याच कार्यक्रमाची रेकॉर्ड निघणार म्हटल्यावर तिने काय करावं? रविवारी शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावलं. आपला आवाज ऐकवायला!

तिच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, म्हणून माझं नेलं, दोन्ही स्पीकरसकट. जिन्याच्या वळणावर कंबरेत काहीतरी कट्‌ झालं. (हे ते कारण.) बैठकीत शेजारच्या ग्लेनिसबाई सीड केक घेऊन हजर. चॅपलमध्ये प्रवचन देणारे मिस्टर ऑलपोर्ट कानात कापसाचे बोळे घालून आले होते, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नव्हती. मावशीने नाताळातला निळा झगा घातला होता. मांस भरलेली पोर्क-पाई कापून झाली, चहा ओतून झाला, मी सुई टेकवली.

आणि रोलंड, पहिल्या मिनिटालाच मी उठून स्पीकरच्या तारा तपासल्या. ढोल कसले, कोणीतरी बिस्किटाचे डबे बडवतंय! तुमचा गायक डेनी ओरडतो, "वुल्व्हरहॅम्प्टन!" आणि उत्तर देतं कोण? लाखभर लोकांचं मैदान! फुटबॉलसारखं गातंय, तेही कुठल्या भाषेत देव जाणे. अरे, तो हॉल भरला तरी तीन हजारांचा, त्यात निम्मे रांगेत बिअरला. त्याहून कहर म्हणजे डेनीला गाण्याचे सगळे शब्द आठवतात. एकूण एक! डेनीला! ज्याला स्वतःच्या लग्नात बायकोचं नाव मागून सांगावं लागलं, त्याला! म्हणजे स्टुडिओत बसून पुन्हा गायलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. तुझी तार तुटली होती, तीही गायब. सगळं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. लाइव्ह म्हणे! यापेक्षा मिस्टर ऑलपोर्टांचं प्रवचन जिवंत असतं.

दुसरी बाजू लावली. 'किंग ऑफ सिंडर्स' आलं. मावशीने कप खाली ठेवला, हात मांडीवर घेतले, पाठ सरळ केली. गदारोळ थांबला आणि लगेच तुझी गिटार सुरू झाली. मधली शांतताच नाही! नुसती मावशी नाही कापली, ती ज्या शांततेत ओरडली ती शांतताच कापून टाकलीत. मी कार्पेटकडे बघत बसलो. वर बघायची छाती होईना.

गाणं संपता संपता त्या परक्या मैदानातली कुठलीशी बाई किंचाळली. तशी मावशी टाळी वाजवून म्हणाली, "हीच! ऐकलंत ना? हीच मी!"

 मग ग्लेनिसबाई म्हणाल्या, "अगदी तूच गं बेरिल! लगेच ओळखू आलीस." मिस्टर ऑलपोर्ट कापसातून म्हणाले, "शब्दोच्चार फार स्पष्ट." मग सगळे माझ्याकडे वळले. मी अध्यक्ष ना! मी म्हटलं, "वा मावशी, काय आवाज लागलाय!" आणि केक खाल्ला. 

आता जो येतो त्याला ती तेवढा तुकडा ऐकवते. पोस्टमनने ऐकला, मीटर बघायला आलेल्या माणसाने ऐकला, आणि सगळे हो म्हणतात. मला रोज लाज वाटते, आणि खरं तर ती तुला वाटायला हवी. मूळचं बरं होतं रे. तुटकं होतं, बेसूर होतं, पण आपलं होतं. असो. वहिनींना नमस्कार, माशांना काय ते सांग.

तुझा,
नेव्हिल

ता. क. खरं काम हे. तुमच्या ध्वनिमुद्रणवाल्याकडे त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग असणारच. मावशीसकट, शांततेसकट, तुटक्या तारेसकट ते मला गुपचूप पाठव. मी रेकॉर्ड बदलून ठेवीन, तिला कळायचंसुद्धा नाही. म्हणजे निदान ती बोलते ते खरं तरी होईल.

ता. क. दुसरा. याच रेकॉर्डची लाल रंगाची आवृत्ती निघतेय असं ऐकतो. रेकॉर्ड टाकाऊच आहे, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण एक सही करून माझ्यासाठी बाजूला ठेव. कव्हरचे कोपरे दुमडता कामा नयेत.

ता. क. तिसरा. घोटाळा झाला. तुझा नवा पत्ता घ्यायला मावशीकडे गेलो, आणि मी चहा टाकत होतो तोवर तिने माझ्या कोटातून हे पत्र काढून, चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "नेव्हिल, मला काय माझा आवाज कळत नाही? मी लगेच ओळखलं होतं. पण ग्लेनिस समोर बसलेली. पोराने आईलाच कापून काढलं, असं गावभर झालं असतं. म्हणून म्हटलं, हीच मी." मी विचारलं, "मग रोज का लावतेस?" तर म्हणाली, "एकदाच लावून ठेवून दिली असती तर ग्लेनिसला संशय आला असता." मग ती चहा ढवळू लागली. साखर ती घेत नाही, हे तुला माहीत आहे. शेवटी म्हणाली, "मूळचं रेकॉर्डिंग नको मला. त्याला एवढंच विचार, की त्याला माझी लाज वाटली का." मी म्हटलं, "मावशी, हे पत्रात कसं लिहू?" ती म्हणाली, "बोलले तसं लिही." तसं लिहिलंय. उत्तर मला पाठवू नकोस.