खाली वळलेला आरसा

दादा,

"मोटारसायकल विकून टाक, तिच्यापायी बाबा माझ्याशी बोलत नाहीत," असं तू फोनवर म्हणालास. गिऱ्हाईक उद्या येणार होतं. पण मला एक संशय होता. गाडी कोणीतरी चोरून चालवत होतं. मी बंद केलेला पेट्रोलचा कॉक उघडा सापडायचा आणि आरसा खाली वळलेला असायचा. दुसरी किल्ली मेकॅनिककडे, म्हणून आधी त्यालाच धरलं.

"ताई, मी सहा फुटी माणूस. या आरशात मला फक्त माझं पोट दिसेल. आणि किल्ली तर तुमचे बाबाच घेऊन गेले."

आज मी मुद्दाम लवकर घरी आले. सायलेन्सरला बोट लावलं तर चटका बसला. बाबा पायरीवर पोटरी चोळत बसले होते आणि केस हेल्मेटने चपटे झाले होते.

"बाबा, गाडी कोणी नेली होती?"

"कोण नेणार? विक ती फटफटी एकदाची!"

गाडी विकायची नाही, असं मी गिऱ्हाइकाला कळवलंय. हे पत्र मात्र पाठवत नाही. तू त्यांना चिडवशील आणि ते पुन्हा किक मारायचे नाहीत. विचारलंस तर सांगेन, गाडीला अजून गिऱ्हाईकच मिळत नाही.

तुझी,
धाकटी