खिडकीतला फोन

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

मी सुखरूप परत पोचलो. खोली होती तशीच आहे. वेळेवर जेवतो, काळजी करू नका.

निघताना तुम्ही विचारलंत, तिथे इंटरनेटचं काय करतोस. मोबाइलचंच नेट लॅपटॉपला जोडतो. रेंज फक्त खिडकीत येते, म्हणून फोन तिथे पेल्यात उभा ठेवतो आणि पलंगावर बसून ऑफिसचं काम करतो. घरमालकीण म्हणाली, "फोनला ऊन दाखवताय का?" मी नुसता हसलो.

यात एकच खोट आहे. कुणाचा फोन आला की लॅपटॉपचं नेट तुटतं. आई नेमकी दुपारच्या मीटिंगमध्ये फोन करायची, "जेवलास का?" एवढंच विचारायला. मी परत जोडला गेलो की साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "मग, जेवलास का?"

आई गेल्यापासून नेट एकदाही तुटलेलं नाही. कामं वेळेत होतात. साहेबही काही विचारत नाहीत.

कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? डब्यातली भाजी फार तिखट नसते ना? ताई येऊन जाते का?

एक काम होतं. आईचा मोबाइल कपाटात असेल, तो चार्जिंगला लावा. दुपारचं जेवण झालं की त्यावरून मला फोन करत जा. तुम्हाला ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. बोलूही नका. इथे नेट तुटलं की मी समजेन, तुम्ही जेवलात.

तुमचा,
धाकटा