एक ओळ मास्तरांची

खडकवस्ती, तिसगावजवळ
८ जानेवारी २०२४

चि. पॉल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करतोस आणि मी नुसतंच हां हां करते, हे ठाऊक असूनही करतोस. माझे कान आता पार गेले रे. पत्रच बरं.

नाताळला पोरंबाळं आली, चर्च भरलं. आठवड्यात सगळे पांगले. काल रविवारी पुन्हा आम्ही दोघंच. पुरुषांच्या बाजूला शमुवेल मास्तर, बायकांच्या बाजूला मी, मध्ये मोकळी सतरंजी. या भिंतींचे दगड आपल्या पणजीनं आणि तिच्या सोबतिणींनी दुष्काळात नाल्यातून डोक्यावर आणले, असं आई सांगायची. तेव्हा चौदा घरांची मंडळी होती. आता बहुतेक दारांना कुलपं आहेत.

स्तोत्र आळीपाळीनं वाचतो. एक ओळ मास्तर, एक मी. मला ऐकू येत नाही म्हणून मी त्यांच्या ओठांकडे बघते; ते थांबले की माझी ओळ. एरवी बोलणं नाही. नाताळच्या भर उपासनेत त्यांनी तुला पेटीवरून उठवलं आणि त्याच संध्याकाळी तू गाव सोडलंस, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आईमागे मी तुला वाढवलं ते कोणी असं हाकलून द्यायला नाही. अबोला धरला तो धरलाच.

पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. त्यांनी सांगितलंय, बाकीच्या रविवारी दोन माणसंही जमेनाशी झाली की चर्चला कुलूप लावायचं आणि तिसगावच्या उपासनेला यायचं. मी म्हटलं, दोघं आहोत ना अजून.

प्रार्थनाला गोड पापा. लोभ आहेच, तो पोस्टानं येत राहू दे.

तुझी,
मेरीताई

पुणे
१७ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या नातीसारख्या लाडक्या भाचीनं, म्हणजे प्रार्थनानं, खिडकीजवळची कॉट तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तू आलीस तर इथल्या पाळकांना प्रवचन किती लांबलं ते तोंडावर सांगणारं कोणी तरी मिळेल. रिकाम्या चर्चसाठी तिथे एकटी किती दिवस राहणार?

मास्तरांचं जुनं आता कशाला उगाळतेस? सोडून दे. मला त्याचं काही वाटत नाही.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
पॉल

खडकवस्ती
२९ जानेवारी २०२४

चि. पॉल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन रविवार झाले, मास्तर आले नाहीत. शेजारच्या भागूबाईनं हातवारे करून सांगितलं, अंगणात पडले, आता काठीनंही चालवत नाही. त्यांचा मुलगा रविराज पुढच्या गुरुवारी, आठ तारखेला, टेम्पो घेऊन येणार आणि त्यांना कायमचं जामखेडला नेणार.

काल मी एकटीच बसले. स्तोत्र उघडलं. मास्तरांच्या ओळीला थांबले, मग माझी वाचली, पुन्हा थांबले. अर्ध्यावर पुस्तक मिटलं. बरं झालं, पीडा गेली, असं म्हणायला हवं. पण म्हणवत नाही. दर रविवारी मी ज्याच्या तोंडाकडे बघते असं हे एकच माणूस उरलं होतं.

भागूबाई म्हणते, जाऊन भेट. त्यांचं घर इथून हाकेवर आहे. पण तुझा अपमान गिळून मी त्या दारात कशी जाऊ? तूच सांग. तू जा म्हणालास तर जाईन. लवकर लिही, आणि ताईवर जीव असू दे.

तुझी,
मेरीताई

पुणे
४ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. भागूबाईच्या फोनवर निरोप देता आला असता, पण हे दुसऱ्याच्या तोंडून तुला कळावं असं नाही.

त्या नाताळला मी पिऊन आलो होतो. पेटीवर बसलो तेव्हा मास्तरांना वास आला. बोटं चालत नाहीत, असं सगळ्यांदेखत म्हणून त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. उपासनेनंतर मागच्या भिंतीशी नेऊन म्हणाले, मेरीनं पोटाला चिमटा घेऊन तुला वाढवलंय, तिला ह्ये कळू दिऊ नको, ती मलाच वाईट म्हनू दे, माझं काय जात न्हाई.

मी सुटलो, ताई. तू त्यांच्याशी बोलेनाशी झालीस तेव्हा मला बरंच वाटलं, कारण बोलली असतीस तर कधी तरी कळलं असतं. दारू पुढे दोन वर्षांत सुटली. हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं.

आजच जा. लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा,
पॉल

खडकवस्ती
१२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय शमुवेल मास्तर यांस,
मेरीचा सलाम. वि. वि.

तुम्ही गुरुवारी गेलात. पॉलचं पत्र शनिवारी आलं. त्यानं सगळं लिहिलं आहे. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही, आधी तुम्हाला लिहायला बसले. तुमचा टेम्पो निघाला तेव्हा मी दाराआड उभी होते. तुम्ही मागे वळून बघितलंत, मी पुढे आले नाही.

काल पाळकसाहेब येऊन कुलूप लावून गेले.

मला तुमचाही राग आला आहे. एवढ्या वर्षांत एका रविवारी तरी सांगायचं होतं. पोराची अब्रू राखलीत, आणि मी तुमच्या दारावरून मान फिरवून जात राहिले. तुमच्या पत्नी वारल्या तेव्हाही मी आले नाही. त्याची मला फार लाज वाटते.

रविराजला म्हणावं, मी येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं जामखेडला येते. तुम्ही काय बोलाल ते मला ऐकू येणार नाही. कान होते तेव्हा मी बोलू दिलं नाही. तेव्हा वही आणि पेन जवळ ठेवा, आणि मी बसले की लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल.

आपली,
मेरी