एकवीस फुटांवरचा लाल ठिपका

३ मार्च, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. सकाळ फुकट गेली. त्याने चौकटींचा एक कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा सरळ दिसतात का? म्हणालो, छपाईच वाईट असेल तर रेघा सरळ कशा दिसतील? डोळ्याच्या पडद्यावर मधोमध काहीतरी बिघडतंय म्हणे. पुढचं ऐकायला थांबलो नाही. वय सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं आठवीच्या पोरांना इतिहास शिकवला. चाळीस वर्षं या जिल्ह्यातल्या प्रत्येक व्यासपीठावरून शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर बोललो. ओक्लाहोमात जे बघण्यासारखं आहे ते मला दिसतं.
येताना बघितलं तर वीज कंपनीने रस्त्याकडेचे सगळे खांब वाकडे उभे केलेत. फोन करून तक्रार नोंदवली. माणूस पाठवतो म्हणाले. या देशात आता कुणी सरळ काम करत नाही.

५ मार्च
विचार केला. दोष डोळ्यांचा नाही, पिस्तुलाचा आहे. नळीच्या टोकाला नेम धरायला जो दाणा असतो, तो हल्ली धुरकट झालाय. जुनं लोखंड.
बारा एप्रिलला चर्चच्या रक्षक पथकाची वार्षिक परीक्षा. एकवीस फुटांवरून वीस गोळ्या, अठरा निशाणाच्या आत हव्यात. नापास झालेल्याने बिल्ला परत करायचा. नियम मीच लिहिलेला. अकरा वर्षांपूर्वी, दाराशी हत्यारबंद माणूस हवा की नको यावर सभा भरली होती. मी पाऊण तास बोललो, रोमपासून सुरुवात करून. तेव्हापासून दर रविवारी मुख्य दाराशी मी उभा असतो. दार सुटलं तर आत जाऊन बाकावर बसायचं, बाकीच्या म्हाताऱ्यांसारखं. विचारानेच थकवा येतो.
उपाय सापडला. मुठीला बसवायचं लेझर. मूठ आवळली की लाल ठिपका उमटतो, ठिपका असेल तिथे गोळी जाते. डोळ्यांचा संबंधच संपला. मागवलं.

८ मार्च, शनिवार, दुपारी १२
लेझर आलं. मागच्या कुरणात कागद टांगला. मूठ आवळली. ठिपका नाही. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, नाही. कंपनीला फोन लावला. तिकडची बाई भलतीच लाडात बोलत होती. आहात कुठे, हनी? म्हणालो, कुरणात. ऊन आहे का? म्हणालो, मार्च महिन्यात दुपारी बारा वाजता ओक्लाहोमात ऊन असतं. तर म्हणते, कडक उन्हात लाल ठिपका दिसत नाही, हनी, सूर्य काही आमच्या हातात नाही.
संकल्प: कंपनीला खरमरीत पत्र. उद्यापासून सराव गोठ्यात.

११ मार्च
गोठ्यात ठिपका झकास दिसतो. पण माल सदोष आहे. ठिपका एका जागी थांबत नाही. फळीवरून खिळ्यावर, खिळ्यावरून खोगिरावर. ऑपलला बोलावून दाखवलं. बावन्न वर्षं संसार केला, पण यंत्रातलं तिला काही कळत नाही. ती म्हणाली, "लेझर कुठे हलतंय, ऑरिन? तू हलतोयस."
पत्रात ही तक्रारही घालायची.

१९ मार्च, बुधवार
चर्चमध्ये संध्याकाळचं सामुदायिक जेवण. तळलेला मासा, घेवडा, मक्याचा पाव. ऑपलच्या पीच कॉब्लरवर, म्हणजे पीच घालून भाजलेल्या गोडावर, सगळे तुटून पडले होते. लोक खात असतानाच मी उठलो आणि लेझरवर बोललो. पंचवीस मिनिटं. स्वतःच्या दाराचं रक्षण दुसऱ्यावर सोपवणारी माणसं इतिहासात कुठे जातात, हे सांगितलं. विज्ञानाला पाठ दाखवणं हाही भ्याडपणाच, हे सांगितलं. आवाज अजून तसाच आहे. टाळ्या.
पथकाची प्रमुख मार्ला स्टिडम हिने मात्र टाळी वाजवली नाही. पूर्वी शेरीफच्या खात्यात होती, त्याआधी माझ्या वर्गात. भांडी उचलताना जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?" गावात काही लपत नाही. म्हणालो, मार्ला, आठवीत तुला क श्रेणी मिळाली होती, ती मी कधी चारचौघांत सांगितली का? हसली. गेली.

२१ मार्च
माझा मेहुणा डेल्बर्ट, ऑपलचा धाकटा भाऊ, तोही पथकात आहे. त्याने माझं भाषण ऐकून अगदी तेच लेझर मागवलं. तोच रंग, तीच मूठ. माणसाचं मन वळवणं म्हणजे काय, ते हे. डेल्बर्ट म्हणाला, "दाजी, तुम्ही बोलत होतात तेव्हा मला तर रडूच आलं." तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आणि स्वभावाने भोळा.

२७ मार्च
वीज कंपनीचा माणूस आला. खांबाला ओळंबा लावून दाखवला. ओळंबाही वाकडा होता.

६ एप्रिल, रविवार
दारावर चोख काम. एका उंच माणसाला अडवून नाव विचारलं. ते ब्रदर गेन्स निघाले, आमचे पाद्री, एकोणीस वर्षं याच चर्चमध्ये. नियम सर्वांना सारखा असतो. त्यांनी नाव सांगितलं. बरोबर होतं. आत जाऊ दिलं.
पाद्रीबुवा प्रवचनात एकदोनदा माझ्याकडे बघत होते. निदान तसं वाटलं.

११ एप्रिल
उद्या परीक्षा. लेझरमध्ये नवा सेल घातला. सेलवरची खूण मुंगीपेक्षा बारीक छापतात. ऑपल म्हणाली, "आण इकडे, मी बघते." म्हणालो, सैनिक आपलं हत्यार बायकोकडे तपासायला देत नाही. ती म्हणाली, सैन्यात तू स्वयंपाकघरात होतास. या चर्चेत अर्थ नव्हता. झोपलो.

१२ एप्रिल, शनिवार
आधी चांगलं लिहितो. जिल्ह्याच्या बंदिस्त नेमबाजी केंद्रात परीक्षा होती. उजेड मंद, म्हणजे लेझरला उत्तम. पाचव्या जागेवर मी, सहाव्यावर डेल्बर्ट. मार्लाने शिट्टी वाजवली. मूठ आवळली आणि समोर लाल ठिपका. आयुष्यात इतका स्थिर ठिपका पाहिला नव्हता. खडकासारखा. मनात म्हणालो, सराव हा असा फळाला येतो. पहिल्या दहा गोळ्या शांतपणे झाडल्या.
मग मार्लाने कागद पुढे ओढून घेतले.
माझा कागद नुकत्या धुतलेल्या चादरीसारखा कोरा. डेल्बर्टच्या कागदावर दहा गोळ्यांत सोळा भोकं.
ठिपका डेल्बर्टचा होता. मी त्याच्याच ठिपक्यावर नेम धरत होतो. माझं लेझर लागलंच नव्हतं, सेल उलटा बसला होता. कुणी हसलं नाही, हेच वाईट. मार्लाने सगळ्यांना पिस्तुलं खाली ठेवायला लावली आणि माझ्या हातातलं घेऊन रिकामं केलं. डेल्बर्ट म्हणत होता, "असू दे हो दाजी, मला तर फायदाच झाला."
म्हणजे पुन्हा दोष यंत्राचा. सेल उलटा बसूच कसा शकतो?
निकाल: सव्वीसला फेरपरीक्षा. तोवर दारावर हत्याराशिवाय उभं राहायचं.

१४ एप्रिल
दमलोय. तरी भाषण लिहायला घेतलं. शीर्षक: 'एका सेलवरून माणसाची किंमत ठरवाल का?' परीक्षेआधी सगळ्यांसमोर वाचणार. नऊ पानं झाली. ऑपलकडून वाचून घेतली, कारण माझं अक्षर बिघडलंय. तिने शेवटपर्यंत वाचलं. भाषा नेहमीसारखीच छान आहे म्हणाली.

२० एप्रिल, ईस्टर
दारावर डेल्बर्ट. मी कार्यक्रमपत्रिका वाटल्या. बायका माझ्या हातातून पत्रिका घेताना "थँक यू, डिअर" म्हणतात. अकरा वर्षांत त्या मला डिअर म्हणाल्या नव्हत्या.
ब्रदर गेन्स खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रदर टॅकेट, पहारा देणाऱ्यालाही कधीतरी बसावं लागतं." मी म्हणालो, सव्वीस तारखेनंतर पुन्हा उभाच दिसेन तुम्हाला.
संकल्प: रोज दोन तास सराव. पिस्तूल घरातही कमरेला. हात तयार राहिला पाहिजे.

२२ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३
लिहून काढतो.
ऑपल गोधडी शिवायला बायकांकडे गेली होती, चारपर्यंत येणार नव्हती. मी स्वयंपाकघरात बसलो होतो. सव्वादोनला मागचं दार ढकललं गेलं. बाहेर लख्ख ऊन, दारात काळी आकृती, काखेत काहीतरी लांब. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. कितीतरी दिवस झाले, मी ज्याच्याकडे सरळ बघतो त्याचा चेहरा नेमका मध्येच विरून जातो. हे इथे पहिल्यांदा लिहितोय.
ओरडलो, कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. उत्तर नाही. पिस्तूल काढलं. इतकं सफाईने आजवर कधी निघालं नव्हतं. मूठ आवळली. सेल यावेळी बरोबर बसला होता. ठिपका छातीवर, मधोमध, आणि जराही हलत नव्हता.
आकृती जागच्या जागी उभी. मग काहीतरी खळकन फरशीवर पडलं. गाडीच्या किल्ल्या. तिने त्या दातांत धरल्या होत्या, कारण एका हातात कुणीतरी दिलेलं हॅमचं भांडं होतं आणि दुसऱ्या काखेत गोधडीच्या अस्तराची गुंडाळी.
ऑपल म्हणाली, "ऑरिन, हे जड आहे. आधी हातातलं घे, मग गोळी घाल."
मी भांडं घेतलं. तिने गुंडाळी टेबलावर ठेवली, किल्ल्या उचलल्या, हात धुतले. जेवलास का, विचारलं. हो म्हणालो. जेवलो नव्हतो.
माझं बोट कुठे होतं, ते लिहीत नाही.

२३ एप्रिल
काही नाही.

२४ एप्रिल
ऑपल कुणाला काही बोललेली नाही. डेल्बर्ट आला होता, दोघं बहीणभाऊ बाहेर बसून कॉफी प्यायले, हसलेही. मी कान देऊन ऐकलं. हवामानाबद्दल बोलत होते.
आज ती घरात वावरताना सारखी आवाज करत होती. दुसऱ्या खोलीतून यायचं असलं की आधी खाकरत होती. "मीच आहे," म्हणत होती. बावन्न वर्षांत या घरात तिला हे कधी सांगावं लागलं नव्हतं.

२६ एप्रिल, शनिवार
ऑपलने गाडी चालवली. भाषणाची नऊ पानं खिशात होती. मार्ला टेबलाशी बसली होती. पथकातले सगळे आले होते, डेल्बर्टही, माझ्यासाठी टाळ्या वाजवायला. मी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, शेजारी बिल्ला ठेवला. मार्ला म्हणाली, "सर, अजून तुमची पाळी आली नाही." म्हणालो, माहीत आहे. तिने विचारलं, "डोळे?" मी हो म्हणालो. सगळे थांबून राहिले. मी आणखी बोलेन असं वाटलं असावं त्यांना. मलाही वाटलं होतं. काही सुचलं नाही.
पिस्तूल मला घरी नेऊ देऊ नकोस, असं मीच तिला सांगितलं. तिने पावती लिहून दिली. वाचता आली नाही. ऑपलकडे दिली.
परतीच्या वाटेवर डॉक्टरला फोन लावला. ऑपल गाडी चालवत होती, मी बोलत होतो. सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळाली. इंजेक्शन डोळ्यातच देतात. उघड्या डोळ्यात, सुईने. हे मला मार्चपासून माहीत होतं. डॉक्टर तेच सांगायला लागला, तेव्हा मी उठून आलो होतो. जन्मभर लोकांना भिऊ नका म्हणून सांगत आलो. आणि मी सुईला भितो. लहानपणापासून.
ऑपलला विचारलं, आत माझ्याबरोबर येशील का?
ती म्हणाली, "बघू. गाडी लावायला जागा मिळाली तर."